डिस्चार्ज मिळाल्यानंतर

डिस्चार्ज कार्डावर शेवटाकडे एक रकाना असतो: घरी जातानाची प्रकृती. तिथे बहुतेक वेळा ‘समाधानकारक’ किंवा ‘स्थिर’ असं लिहिलेलं असतं. खाली गोळ्यांची नावं, टाके काढायची तारीख आणि ‘सात दिवसांनी ओपीडीत दाखवणे’. रुग्णालयाच्या लेखी गोष्ट इथे संपते. रुग्णाच्या लेखी ती इथूनच सुरू होते. पाय टेकवता येईल का, कामावर कधी जाता येईल, ज्या दुखण्यासाठी एवढा खर्च केला ते पुन्हा डोकं वर काढणार नाही ना? पाच वर्षांनी त्या माणसाचं काय झालं हे डॉक्टरला विचारलं तर त्यालाही बहुधा सांगता येत नाही. बरा झालेला रुग्ण परत येत नाही आणि बरा न झालेला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पहिल्या डॉक्टरच्या कागदावर दोघंही ‘समाधानकारक’च राहतात.

या निसटलेल्या माणसांना गाठून ‘पुढे काय झालं?’ असं विचारण्याच्या अभ्यासाला आउटकम्स रिसर्च म्हणतात. एखादं औषध प्रयोगशाळेत चालतं की नाही, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. रोजच्या रुग्णालयात, रोजच्या डॉक्टरांच्या हातून, म्हाताऱ्या, मधुमेही, गरीब, हट्टी अशा सगळ्या प्रकारच्या माणसांवर केलेल्या उपचारांतून शेवटी हाती काय आलं, हे तो मोजतो. माणूस जगला का, दुखणं गेलं का, जिना चढता येतो का. यात वादाचं काही असेल असं वाटत नाही. पण या मोजणीचा पहिल्यांदा हट्ट धरणाऱ्याला तिची चांगलीच किंमत मोजावी लागली.

त्याचं नाव अर्नेस्ट कॉडमन. बोस्टनचा हा सर्जन हार्वर्डमध्ये शिकत असताना, १८९४च्या सुमारास, रुग्णाला ईथरची भूल देण्याचं काम विद्यार्थ्यांकडे असे. हार्वी कुशिंग हा त्याचा वर्गमित्र, पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत जगप्रसिद्ध झालेला. कुशिंगच्या हातून भूल घेताना एक रुग्ण दगावला आणि तो हादरून गेला. मग या दोघांनी पैज लावली की ज्याची भूल अधिक सुरळीत पार पडेल त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचं. पैजेचा निकाल लावायचा तर नोंद हवी, म्हणून दोघं शस्त्रक्रिया चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर उतरवू लागले. भूलतज्ज्ञाच्या हाताशी आज जो तक्ता असतो, त्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत या दोन पोरांचे कागद मोडतात.

पुढे मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन झाल्यावर कॉडमनने तीच खोड मोठ्या प्रमाणावर चालवली. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करायचं. आला तेव्हा तक्रार काय, निदान काय केलं, उपचार कोणता ठरवला, गुंतागुंत काय झाली, जाताना काय आढळलं हे सगळं त्यावर लिहायचं. मग वर्षाने त्या माणसाला बोलवायचं आणि लिहायचं, आता कसा आहे. निकाल मनासारखा नसेल तर कारण नोंदवायचं: ज्ञान कमी पडलं, हात कमी पडला, निर्णय चुकला, निदान चुकलं, सामग्री अपुरी होती, की रोगापुढे कोणाचंच काही चालण्यासारखं नव्हतं. रुग्णालयात बढती सेवाज्येष्ठतेवर मिळे. कॉडमनचं म्हणणं होतं की ती निकालांवर मिळावी. हे कोणी मनावर घेईना, तेव्हा १९१४ मध्ये त्याने राजीनामा दिला.

त्याआधी, १९११ मध्येच, त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं होतं. तिथून पाच वर्षांत बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांच्या नोंदीत त्याने १२३ चुका मांडल्या आणि त्या छापून इतर रुग्णालयांना धाडल्या. इथपर्यंत लोकांनी त्याला विक्षिप्त म्हणून सोडून दिलं असतं. पण जानेवारी १९१५ मध्ये डॉक्टरांच्या एका भर सभेत त्याने भलंमोठं व्यंगचित्र उघडलं. वाळूत डोकं खुपसलेली शहामृगी, म्हणजे बोस्टनची श्रीमंत वस्ती, सोन्याची अंडी घालते आहे, ती अंडी हार्वर्डच्या प्राध्यापकांकडे चालली आहेत, आणि आपल्या उपचारांचा खरोखर उपयोग होतो का हे तिला कळलं तर ही अंडी मिळत राहतील का, याची विश्वस्तांना चिंता पडली आहे. सभेत गोंधळ झाला. सभा भरवणाऱ्या संघटनेचं त्याच्याकडचं अध्यक्षपद गेलं, हार्वर्डमधली शिकवणीही गेली. कॉडमन बरोबर होता, पण समोरच्याला पटवण्याची कला त्याच्याकडे नावालाही नव्हती हेही खरं.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने त्याच्या कल्पनेचा सौम्य अवतार उचलला. शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली. कसोट्या किमान होत्या, तरी त्यांत फक्त ८९ रुग्णालयं उतरली. नापासांत इतकी नामवंत नावं होती की १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात ती यादी भट्टीत घालून जाळण्यात आली. आज मोठ्या रुग्णालयांच्या स्वागतकक्षात मानांकनाची जी प्रमाणपत्रं टांगलेली दिसतात, त्यांची वंशावळ या पाहणीपर्यंत जाते. त्यांत अग्निशमनापासून स्टरिलायझेशनपर्यंत पुष्कळ काही तपासलेलं असतं आणि ते आवश्यकही आहे. कॉडमनला मात्र हवी होती वर्षभराने भरायची ती शेवटची ओळ.

तीच ओळ पुढे एका भलत्याच ठिकाणी, खुब्याच्या सांध्यात, नेटाने लिहिली गेली. खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. तो झिजला की माणूस पाऊल टाकताना विव्हळतो. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्न्लीने १९५०च्या दशकाअखेर धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. रुग्ण अक्षरशः चालत घरी गेले. चार्न्ली तिथे थांबला असता तर ‘समाधानकारक’ म्हणून तीनेकशे कार्डं जमा झाली असती. पण तो रुग्णांना परत बोलावत होता, क्ष-किरण काढत होता. दोन-तीन वर्षांत चित्र बदललं. टेफ्लॉन झपाट्याने झिजत होतं आणि त्याच्या भुकटीभोवती शरीर गाठी धरत होतं. त्याने एकेक सांधा पुन्हा उघडला. १९६२च्या नोव्हेंबरात त्याने नवं पॉलिथिलीन वापरायला सुरुवात केली. त्याचे आणि टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि शरीर कसं वागतं ते पाहिलं. नवी वाटी टिकतेय असं दिसल्यावरही त्याने ती लगेच बाजारात सोडली नाही. ज्याला ती वापरायची असेल त्याने आधी रायटिंग्टनला येऊन शिकावं, ही त्याची अट होती.

चार्न्लीसारखा माणूस सगळीकडे नसतो, म्हणून व्यवस्था लागते. स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणत्या रुग्णालयात, कोणाला, कोणता सांधा, कोणत्या सिमेंटने बसवला हे सगळं तीत उतरतं. प्रत्येक स्वीडिश नागरिकाला व्यक्तिक्रमांक असल्याने तो सांधा पुढे दुसऱ्याच शहरात काढून नवा बसवावा लागला, तरी दोन्ही नोंदी एकमेकींना सापडतात.

असल्या नोंदवहीची गरज का, हे थोड्या आकडेमोडीने कळतं. समजा एक सांधा पाच वर्षांत शंभरात चार जणांना त्रास देतो आणि दुसरा शंभरात दहांना. वर्षाला पन्नास सांधे बसवणाऱ्या सर्जनच्या वाट्याला पहिल्या सांध्याचे दोन बिघाड येतील, दुसऱ्याचे पाच. त्यांतले एक-दोघं दुसरीकडे जाणार, एखाद्याचं दुखणं वयावर ढकललं जाणार. उरलेला फरक सर्जनला योगायोग वाटेल, आणि त्याच्या जागी कोणालाही तसंच वाटेल. अनुभवी डॉक्टरच्या अनुभवाला इथे मर्यादा पडते ती त्याच्या हुशारीमुळे नाही, संख्येमुळे. पन्नास हजार सांधे एका ठिकाणी लिहिले की तोच फरक लपवू म्हटलं तरी लपत नाही.

ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये अशी नोंदवही उघडली. काही वर्षांत तिथे एक नवा सांधा आला: ‘एएसआर’. बनवणारी कंपनी डेप्यू, जॉन्सन अँड जॉन्सनच्या घराण्यातली. वाटीही धातूची, गोळाही धातूचा, म्हणजे प्लास्टिक झिजण्याची भानगडच नको. कल्पना बिनतोड वाटत होती. प्रत्यक्षात वाटी उथळ होती, आणि ती थोडी तिरकी बसली तरी गोळा तिच्या काठावर घासायचा. कोबाल्ट आणि क्रोमियमचे बारीक कण सुटायचे, भोवतालचं मांस सडायचं, रक्तातलं कोबाल्ट वाढायचं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने दाखवून दिलं की हा सांधा इतरांपेक्षा जास्त वेळा काढावा लागतो आहे. २००९च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून गेला. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला, तोवर तो सुमारे ९३ हजार लोकांच्या शरीरात होता. ब्रिटनच्या नोंदवहीनुसार पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती.

त्या लोकांत आपलेही होते. भारतात हा सांधा सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरलं. केंद्र सरकारने समिती नेमली २०१७ मध्ये, म्हणजे सांधा परत बोलावल्यावर सहा-सात वर्षांनी. तिच्या २०१८च्या अहवालातली भरपाईची शिफारस गाजली. मला त्यातली दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता. कोणाच्या खुब्यात हा सांधा आहे, ते जिवंत आहेत का, त्यांच्या रक्तात किती कोबाल्ट आहे, हे सांगणारी एकत्रित नोंद देशात नव्हती. परदेशातल्या नोंदवह्यांनी धोका ओळखला होता, पण ती सूचना इथे पोचवायची कोणाला? पत्ता नव्हता.

सांधेरोपण करणाऱ्या सर्जनांच्या भारतीय संघटनेने स्वतःची नोंदवही चालवलेली आहे. ज्यांना वाटतं ते तीत भरतात. ऐच्छिक नोंदवहीची अडचण अशी की नीटनेटके डॉक्टरच ती नीट भरतात. ज्यांचे निकाल पाहण्याची खरी गरज आहे ते तिच्या बाहेर राहतात.

आणि नोंदवही म्हणजे सत्य, असंही नाही. सांध्यांच्या नोंदवह्या ‘अपयश’ मोजतात ते प्रामुख्याने पुन्हा शस्त्रक्रिया झाली की. स्वीडनमध्ये ते चालून जातं, कारण सांधा दुखू लागला तर माणूस रांगेत उभा राहतो आणि त्याची शस्त्रक्रिया होते. आपल्याकडे पहिल्याच शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकलेला माणूस दुसरी करायला येत नाही. तो काठी धरून घरातल्या घरात फिरतो. नोंदवहीच्या भाषेत त्याचा सांधा ‘टिकला’. म्हणून आता रुग्णालाच विचारण्याची पद्धत पडते आहे: दुखतं का, मोजे घालता येतात का, झोप लागते का. स्वीडनने २००२ पासून खुब्याच्या रुग्णांना असं विचारायला घेतलं, इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००९ पासून. क्ष-किरणात झकास दिसणाऱ्या सांध्याचा मालक नाराज असू शकतो, हे त्यातून पुढे आलं.

निकाल जाहीर करायचे म्हटलं की आणखी एक गुंता सुरू होतो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या पोरांना नववीतच बसवून ठेवणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. न्यूयॉर्क राज्याने हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचे आकडे रुग्णालयवार आणि पुढे सर्जनवार छापायला सुरुवात केली, तेव्हा नेमकी हीच भीती होती. अवघड रुग्णाला कोणी हातच लावणार नाही. त्यावर तोड म्हणून रुग्ण किती गंभीर होता याचा हिशेब आकड्यांत धरला गेला. वय, हृदयाची ताकद, मूत्रपिंडं, आधीची शस्त्रक्रिया हे सगळं लक्षात घेऊन ‘इतके मृत्यू अपेक्षित होते, प्रत्यक्षात इतके झाले’ अशी तुलना करायची. असा हिशेब केलेला मृत्युदर १९८९ मधल्या ४.१७ टक्क्यांवरून १९९२ मध्ये २.४५ टक्क्यांवर आला. टीकाकार म्हणतात की काही गंभीर रुग्ण राज्याबाहेर ओहायोकडे गेले, आणि कागदोपत्री रुग्णांना जास्त आजारी दाखवण्याची चलाखीही झाली. वाद पुरता मिटलेला नाही.

पण त्या आकड्यांतली एक गोष्ट मला कोणत्याही सरासरीपेक्षा मोलाची वाटते. आल्बनीच्या सेंट पीटर्स रुग्णालयाचा क्रमांक खाली लागला. आधी तिथले डॉक्टर, अपेक्षेप्रमाणे, आकड्यांवरच चिडले. मग त्यांनी रुग्णांचे गट पाडून पाहिले. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत काहीच वावगं नव्हतं. मृत्यू होत होते ते हृदयविकाराच्या झटक्यात तातडीने आणलेल्या रुग्णांचे: १९९२ मध्ये ४२ पैकी ११. त्यांना थेट टेबलावर घेतलं जात होतं. डॉक्टरांनी क्रम बदलला. आधी रक्तदाब सावरायचा, गरज पडली तर महाधमनीत फुग्याचा पंप घालून हृदयाला आधार द्यायचा, मग शस्त्रक्रिया. पुढच्या वर्षी अशा ५४ रुग्णांपैकी एकही दगावला नाही. ना नवा सर्जन आला, ना नवं औषध. यादीत नाव खाली लागलं नसतं तर ते गट कोणी पाडले असते असं मला वाटत नाही.

हे सगळं ऐकून ‘आपल्याकडे कसं जमणार’ म्हणणाऱ्यांनी बार्शीला जावं. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत. खेड्यातला कर्करोगाचा रुग्ण रुग्णालयात येईल आणि आपण लिहून घेऊ, असं इथे चालण्यासारखं नव्हतं. म्हणून नोंदणीची माणसं गावात जाऊ लागली. कोणाला अंगावरून जातंय, कोणाच्या तोंडातली जखम भरत नाही, याची चौकशी करत, आजाराची माहिती देत. त्यातून एक गंमत झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. नोंद करायला गेलेल्यांच्या जाण्यानेच निकाल सुधारला.

या पायावर शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक प्रचंड पाहणी उभी राहिली. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ४९७ गावं. काही गावांत या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केली, काहींत पेशींची पॅप तपासणी, काहींत व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली व्हीआयए तपासणी, आणि काही गावांत नेहमीची व्यवस्था तशीच ठेवली. मग आठ वर्षं लक्ष ठेवलं. नेहमीच्या व्यवस्थेतल्या साधारण साडेएकतीस हजार स्त्रियांत या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले. एचपीव्ही चाचणीच्या गावांतल्या चौतीस हजारांत ३४. इतर दोन तपासण्यांनी मृत्यूंत म्हणावी अशी घट झाली नाही.

तपासणी न मिळालेल्या गावांवरून पुढे नैतिक वाद झाला, आणि तो पोकळ नव्हता. देशात बहुसंख्य बायकांना कसलीच तपासणी मिळत नाही, म्हणून तुलनेसाठी तेच ‘नेहमीचं’ धरलं, हा युक्तिवाद समजतो, पण गळी उतरत नाही.

याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलचीच दुसरी पाहणी चालू होती. स्त्रिया सुमारे दीड लाख, तपासणी उस्मानाबादेत फारसा उपयोग न झालेली व्हीआयए. फरक इतकाच की इथे ती दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, आणि दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी वस्तीतच केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणी चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. ती कोण करतं, किती वेळा करतं आणि ती बाईपर्यंत पोचते का, हे सुटं काढता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादच्या त्या बायकांचा वाटा मोठा आहे. त्याच सुमाराच्या, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांना विचारलं गेलं की या कर्करोगाची तपासणी कधी तरी झाली आहे का. ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण निघालं १.९ टक्के.